मोंजियाची गाडी आणि खमैसचं पेट्रोल

डोंगरावरच्या आमच्या बनी खदाश गावात बाईने गाडी चालवली तर कोणी वळून बघत नाही. शाळेतल्या मास्तरणी चालवतात, दवाखान्यातली नर्स चालवते. पण मोंजियाने स्टिअरिंग हातात धरलं तेव्हा ती आजी झालेली होती, आणि हौस म्हणून तर तिने ते मुळीच धरलं नव्हतं.

तिचा नवरा धाऊ. उभी हयात त्याने समुद्रापलीकडे मार्सेयमध्ये लोकांच्या घरात फरशा बसवल्या आणि शेवटी गुडघे गेले तेव्हा तो आठ माणसं बसतील अशी एक पेट्रोलवरची जुनी व्हॅन घेऊन गावी परतला. गाडी तिसऱ्या की चौथ्या मालकाकडून घेतलेली. दारावर कुठल्यातरी फुलवाल्याचं नाव खरवडून काढल्याची खूण अजून दिसायची. ऑलिव्हच्या बागा बघायच्या, नातवंडांना समुद्रावर न्यायचं, असे त्याचे बेत होते. त्याऐवजी वर्षभरात त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार डोंगर उतरून मेदनीनच्या इस्पितळात डायलिसिसला जायची पाळी आली.

जायचंच आहे तर रिकामी गाडी कशाला न्यायची, म्हणून धाऊ डोंगरावरच्या दुसऱ्या आजाऱ्यांनाही बरोबर घ्यायला लागला. त्यात माझी आई होती. म्हणून हे सगळं मला माहीत. मी घरी शिवणकाम करते. आईला सोबत हवी असली की मशीन झाकून मीही गाडीत बसायची.

डायलिसिसच्या सुईवरून उठल्यावर माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. एकदा परतताना धाऊचे हात थरथरायला लागले. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला, फेरी मारून पलीकडे आला आणि बायकोला म्हणाला, "सरक तिकडे."

"मी? वेड लागलं का तुम्हाला?"

"मला वेड लागलं तर चालेल, चक्कर आली तर सगळे दरीत जातील. सरक."

त्या दिवशी गाडी माणसाच्या चालीने घरी आली. पण पुढे रोज दुपारी बागेजवळच्या मोकळ्या जागेत त्यांचा वर्ग भरायला लागला. धाऊ शेजारी बसून ओरडायचा, "क्लच आहे तो, कणीक नाही! एवढी काय तिंबतेस?" आणि मोंजिया तितक्याच मोठ्याने ऐकवायची, "तुम्हाला येते का कणीक तिंबता? मग गप्प बसा." परवाना मिळाला त्या दिवशी त्याने कौतुक केलं नाही. नुसती चावी तिच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन झोपला.

धाऊ हिवाळ्यात गेला. गाडी बदामाच्या झाडाखाली उभी राहिली आणि मोंजियाने दार लावून घेतलं. आजाऱ्यांची फार परवड झाली. कोणी भाच्याच्या पिकअपमध्ये, कोणी भाजीच्या ट्रकमध्ये, असे ते डोंगर उतरायचे. एका मंगळवारी पहाटे माझी आई उमझीन, जिभेला हरिसा, म्हणजे आमची लाल मिरचीची चटणी, लावूनच जन्मली होती ती, आपली पिशवी घेऊन मोंजियाच्या दारात जाऊन बसली.

"उमझीन, इथे काय करतेस?" मोंजियाने विचारलं.

"गाडीची वाट बघतेय."

"गाडी चालवणारा गेला गं."

"धाऊ गेला, अल्ला त्याच्यावर दया करो. पण चालवत तर तू होतीस! तो मागे घोरायचा. आता आम्हीही मरावं अशी इच्छा असेल तर तसं सांग, मी घरी जाऊन अंथरूण घालते."

 मोंजिया आत जाऊन डोक्याला रुमाल बांधून आली. त्या दिवसापासून ती गाडी थांबली नाही, मी सांगणार आहे ते होईपर्यंत.

गाडीत ज्याची त्याची जागा ठरलेली होती. पुढे बूजमा, कारण त्याचे पाय लांब. म्हातारा एकेकाळी रोमन भिंती खणणाऱ्या पथकात मजूर होता आणि त्याच गोष्टी रोज सांगायचा. त्याच्या मागे माझी आई, त्याच्या गोष्टीतल्या चुका काढायला. डायलिसिसवाल्यांना खजूर खायची मनाई. आमच्या भागात ही केवढी शिक्षा, ते आमचं आम्हालाच माहीत. वाटेत खजुराचं दुकान आलं की मोंजिया मुद्दाम वेग वाढवायची आणि मागून आई म्हणायची, "बघू तरी दे गं, बघण्याने काही रक्त बिघडत नाही."

ते सुईवर असायचे तोवर मोंजिया मेदनीनच्या लिबिया बाजारात, सीमेपलीकडचा माल मिळतो तिथे, हिंडायची. तिथेच तिने हाताच्या तळव्याएवढं एक यंत्र घेतलं. स्टिअरिंगखालच्या खाचेत ते खुपसलं की इंजिनाच्या बिघाडाचा नंबर पडद्यावर यायचा. समोर नारिंगी दिवा लागला की मोंजिया यंत्र लावायची आणि लझहरला फोन करून नंबर सांगायची. आई त्याला गाडीचा थर्मामीटर म्हणायची.

लझहर म्हणजे मेदनीनच्या वेशीवरचा मेकॅनिक. दोन माणसांत एकाचं बोलणं पुरावं इतका कमी बोलणारा, हाताला चांगला. त्याला सगळे 'उस्ता', म्हणजे उस्ताद, म्हणत. तो मोंजियाला मानाने 'लल्ला' म्हणायचा. त्याने तिला सुरुवातीलाच बजावलं होतं, "लल्ला मोंजिया, यंत्र फक्त कुठे दुखतंय ते सांगतं. का दुखतंय ते आपल्याला शोधावं लागतं." तिने ते डोक्यात ठेवलं आणि कुठला नंबर कशाचा तेही हळूहळू लक्षात ठेवलं.

आता खमैस. धाऊचा धाकटा भाऊ, मोंजियाचा दीर. डोंगराचा चढ सुरू होतो त्या वळणावर त्याचं टेबल. टेबलावर सीमेपलीकडून आलेल्या पेट्रोलचे डबे, एक नरसाळं आणि त्यावर गाळायला कापड. आमच्याकडे सगळे असंच पेट्रोल भरतात, सरकारी पंपावर जातो तो पाहुणा. खमैस बोलका, गिऱ्हाइकाच्या बायकामुलांची नावं पाठ असणारा माणूस. धाऊ गेल्यावर मोंजियाची टाकी त्याने कधी कोरडी पडू दिली नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि लिबियाकडची रास जदीरची सीमा बंद झाली. डबे येईनात. जिथे टेबलांची रांग असायची तिथे रिकामी नरसाळी टांगलेली दिसू लागली. ज्यांच्याकडे थोडं पेट्रोल होतं ते कसलं आहे याबद्दल लोक कुजबुजायला लागले. कोणी म्हणे पाणी घालतात, कोणी म्हणे रॉकेल.

त्याच दिवसांत एका गुरुवारी मेदनीनहून परतताना खमैसचं टेबल रिकामं होतं. पेट्रोलचा काटा तळाला टेकला तेव्हा मोंजियाने वाटेत गाडी थांबवली, मागे अडीनडीसाठी ठेवलेला डबा काढला आणि वाऱ्यात रुमाल सांभाळत टाकीत ओतला. डबा खमैसनेच भरून दिलेला होता. त्या दिवशी गाडी घरापर्यंत आली.

शनिवारी मात्र परतताना, चढाच्या मधोमध, गाडीने आचके दिले. दमेकऱ्याला श्वास पुरत नाही तशी ती दोनदा धापली आणि बंद पडली. मोंजियाने ब्रेक दाबून धरला, मी उतरून चाकांखाली दगड लावले. नारिंगी दिवा लागला होता. यंत्र लावलं, दोन नंबर आले.

"उस्ता, एकशे एकाहत्तर आणि तीनशे," ती फोनवर म्हणाली.

 पलीकडून लझहर म्हणाला, "इंजिनाला हवा मिळतेय, पेट्रोल पुरत नाहीये. म्हणून ठिणगी फुकट जातेय. सोमवारी आण."

आम्ही उन्हात बसलो. बूजमाने आपली रोमन भिंत काढली. ती संपायच्या आत मोंजियाने सहज चावी फिरवली आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

"नाटकी आहे," आई म्हणाली. "बूजमाची गोष्ट ऐकायची नव्हती तिला."

सोमवारी लझहरने गाडी बघितली. पेट्रोलची जाळी बदलली. कुठून चोरून हवा शिरते का ते नळीनळीवर फवारा मारून तपासलं. पेट्रोल शिंपडणाऱ्या तोट्या काढून धुतल्या. धुराच्या नळीवरचा सेन्सर बदलला. गाडी त्याच्या अंगणात दुपारभर सुरू ठेवली, तर शिवणयंत्रासारखी एका लयीत चालत राहिली. त्याने नंबर पुसून टाकले. मंगळवारी चढावर ती पुन्हा बंद पडली. नंबर तेच.

मग लझहरने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. स्वच्छ होतं. तळाला पाणी नाही, माती नाही.

"मग?" मोंजियाने विचारलं.

"पाणी असतं तर खाली बसलं असतं. रॉकेल मिसळलं तर बाटलीत दिसत नाही." तो बाटली फिरवत राहिला. "मी म्हणत नाही की मिसळलंय. पण बाकी सगळं बघून झालं. पंप राहिला. तोही बघतो, पण दुसरा मिळेपर्यंत थांबावं लागेल."

मोंजियाने एवढंच ऐकलं की रॉकेल बाटलीत दिसत नाही. डबा खमैसचा, तो ओतल्यापासून दुखणं सुरू. ती तशीच निघाली आणि चढाखालच्या वळणावर खमैसच्या टेबलापुढे गाडी उभी केली. त्या दिवशी थोडे डबे आले होते आणि गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

"भाऊजी, डब्यात काय घातलं होतंत?"

खमैस हसला. त्याला चेष्टा वाटली. "प्रेम घातलं होतं, वहिनी. का, कमी पडलं?"

"रॉकेल घातलंत."

 खमैसचं हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं. "काय बोलताय तुम्ही?"

"माझ्या गाडीत आजारी माणसं असतात. रॉकेल विकायचं तर रॉकेल म्हणून विका, पेट्रोल म्हणून आपल्याच माणसांच्या गळ्यात मारू नका."

"वहिनी, धाऊची शपथ..."

"त्याचं नाव घेऊ नका. तो असता तर हा डबा त्याने तुमच्या डोक्यावर उपडा केला असता."

 खमैसने नरसाळ्यावरचं कापड काढलं, पिळलं, पुन्हा घातलं. मोंजिया गाडीत बसून निघून गेली. रांगेतला एक जण हळूच बाजूला झाला, मग दुसरा. आमच्या डोंगरावर बातमी गाडीच्या आधी पोचते. त्या आठवड्यात खमैसच्या टेबलाशी फार कोणी थांबलं नाही.

मोंजियाने मेदनीनच्या सरकारी पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. आणि काय सांगावं, गाडी दोन फेऱ्या नीट चालली! ती एकदाही म्हणाली नाही की बघा माझं खरं होतं, पण मान ताठ झाली होती. आई एवढंच म्हणाली, "दिराशी जरा सबुरीने घ्यायला हवं होतं." त्यावर मोंजियाने खजुराचं दुकान नेहमीपेक्षा जोरात मागे टाकलं.

तिसऱ्या फेरीला टाकी अर्ध्यावर आलेली. त्याच चढावर, त्याच पट्ट्यात गाडी आचके देऊन बंद पडली.  मोंजियाने यंत्र लावलंसुद्धा नाही. नंबर तिला माहीत होते.

तेवढ्यात बूजमा सहज बोलावं तसं म्हणाला, "माझी बाही ओली का लागतेय?"

डायलिसिसच्या सुईची जागा नीट मिटली नव्हती. त्याच्या दंडावरची पट्टी लाल झाली होती आणि रक्त कोपरावरून सीटवर ठिबकत होतं. मोंजिया उडी मारून पलीकडे गेली, डोक्याचा रुमाल काढला, घडी करून त्या जागेवर दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला. मला म्हणाली, "रस्त्यावर उभी राहा. जे येईल ते थांबव." मी उभी राहिले. रस्ता रिकामा. खाली मेदनीनकडचं मैदान धुरकट दिसत होतं आणि डोंगरात एक मेंढी सोडली तर आवाज नव्हता. गाडीत आई बूजमाला म्हणत होती, "ए म्हाताऱ्या, झोपू नकोस. त्या भिंतीचं पुढे काय झालं ते सांग. आज एकही चूक काढत नाही."

बूजमा सांगत राहिला. मोंजियाच्या हातांना मुंग्या आल्या असतील, पण तिने अंगठे हलवले नाहीत. शेवटी जिप्समचा एक ट्रक आला, पण तोवर रक्त थांबलं होतं. ट्रकवाल्याने बूजमाला आणि मला पुन्हा इस्पितळात सोडलं. तिथे पट्टी नवी केली, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी तो धडधाकट घरी आला. पण बूजमाची मुलं त्या संध्याकाळी मोंजियाकडे गेली. चांगली माणसं आहेत, अंगावर आली नाहीत. थोरला फक्त म्हणाला, "खाला, तुमचे उपकार आहेत. पण आता नको."

"मीही तेच म्हणणार होते," मोंजिया म्हणाली. तिने गाडी बदामाखाली लावली.

आजाऱ्यांसाठी दुसरा गाडीवाला ठरला. त्याची गाडी नवी, पण इस्पितळाच्या दारात सोडून तो दुसऱ्या फेऱ्या मारायला जायचा आणि मग यांना भिंतीला टेकून वाट बघावी लागायची. आई घरी येऊन म्हणायची, "गाणी एवढी मोठ्याने लावतो की रक्त धुतलेलं पुन्हा मळतं." मोंजियाला यातलं काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. मी सांगितलं नाही. पण मोंजिया विचारायला आलीही नाही. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली होती. ती दिवसभर बागेत झाडाखाली जाळी अंथरून फांद्या झोडत राहायची, संध्याकाळी हात धुवायची आणि गाडीकडे पाठ करून बसायची.

तिथेच एका संध्याकाळी खमैस आला. मी उसनी चाळण परत द्यायला गेले होते. तो फाटकाच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "बूजमा कसा आहे?"

"बरा आहे," मोंजिया म्हणाली.

"ऐकलं मी. पंपाचं पेट्रोल होतं ना त्या दिवशी टाकीत?"

मोंजियाने मान हलवली. त्याने ते पुढे ओढलं नाही. ओढलं असतं तरी चूक नव्हती. त्याऐवजी तो फाटकावर कोपर टेकून म्हणाला, "वहिनी, एक विचारू? बंद पडते ती कुठे?"

"चढावर."

"सपाटीवर? मेदनीनच्या उन्हात, सिग्नलला?"

"कधीच नाही."

"उतरताना?"

"नाही."

"आणि थोडं थांबलं की आपोआप सुरू."

"हो."

"मग माझं ऐका. मी आयुष्यभर पेट्रोलच विकलंय. वाईट पेट्रोल सकाळी वाईट असतं आणि संध्याकाळीही वाईट असतं. दहा मिनिटं रस्त्याकडेला बसून ते चांगलं होत नाही. चढावर टाकी तिरकी होते, आतलं सगळं मागे सरकतं. पेट्रोलबरोबर आत आणखी काहीतरी सरकतंय."

मोंजिया उठून उभी राहिली. "आत या," ती म्हणाली. "चहा ठेवते."

"चहा नको. उद्या लझहरकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी आईने मलाही पिटाळलं. "काय निघतं ते बघून ये. मोंजिया अर्धंच सांगेल." तिघं आम्ही डोंगर उतरलो, मोंजिया गाडी चालवत, मी मागे, आणि खमैस पुढे, बूजमाच्या जागेवर, मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखा.

लझहरला आधी आवडलं नाही. "तू डबे विक, खमैस. इंजिन मी बघतो."

"मग बघ ना! अंगणात बघून काय उपयोग? अंगणात ती शहाण्यासारखी वागते. चढावर चल."

 लझहर आत जाऊन दाब मोजायचं मीटर घेऊन आला आणि पेट्रोलच्या नळीला जोडून त्याची तबकडी पुढच्या काचेबाहेर बांधली, म्हणजे चालता चालता काटा दिसावा. चौघं पुन्हा वर निघालो. सपाटीवर काटा खिळा ठोकल्यासारखा स्थिर. चढ लागला, एक वळण गेलं, दुसरं गेलं. आणि काटा खाली झुकायला लागला. आधी हळू, मग एकदम. गाडी आचके देऊन थांबली. लझहरने घड्याळाकडे पाहिलं नाही, नंबर विचारला नाही. काट्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने मोंजियाने चावी अर्धी फिरवली तर काटा आपल्या जागी परत गेला.

"पंप तापत असेल," लझहर म्हणाला. पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नसावा, कारण लगेच म्हणाला, "तापला असता तर सपाटीवरही तापला असता." आणि खमैसकडे वळून, "टाकी उघडू."

मागची सीट उचलली की तिच्याखाली गोल झाकण असतं. लझहरने अंगणात येऊन ते झाकण काढलं, पंप जपून वर खेचला. पंपाच्या पायाशी बोटभर लांबीची मऊ जाळी असते, तिच्यातून तो पेट्रोल ओढतो. ती स्वच्छ होती. लझहरने दिवा धरून टाकीत पाहिलं, मग बाही खांद्यापर्यंत सारून हात आत घातला आणि चेहरा वर करून आंधळ्यासारखा चाचपत राहिला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत प्लास्टिकचा एक तुकडा होता. तळहातापेक्षा मोठा, पेट्रोलने फुगून दुधाळ झालेला, कडेला पुसट निळी अक्षरं. साखरेच्या पिशवीचा.

लझहरने तो जाळीवर धरून दाखवला. अगदी पागोटं बसावं तसा बसला. "चढावर हा मागे सरकतो, पंप त्याला ओढून घेतो, घुसमटतो. गाडी बंद झाली की ओढ सुटते, हा गळून पडतो. मग सगळं आलबेल. टाकी गच्च भरलेली असली की आतलं फारसं हलत नाही, म्हणून त्या दोन फेऱ्या नीट झाल्या." तो पहिल्यांदाच हसला. "यंत्र खरंच बोलत होतं. पेट्रोल पुरत नव्हतं."

खमैस तुकड्याकडे बघत होता. चेहरा उतरला होता. म्हणाला, "माझ्याच डब्याचा असेल. झाकणं गळतात म्हणून आम्ही सगळेच खाली प्लास्टिक लावतो. ओतताना पडला असेल." आणि मोंजियाकडे न बघता, "म्हणजे चूक माझीच निघाली, वहिनी."

मोंजियाने तुकडा लझहरच्या हातातून घेतला आणि उलटसुलट केला. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला ते कधीच कळलं होतं, तुकडा बाहेर आला त्या क्षणीच. ती गप्प राहिली असती तर तिघांपैकी कोणालाही कधी समजलं नसतं.

"तुमचं नाही," ती म्हणाली. "माझ्या डब्याचं रबर फाटलं होतं. ही पिशवी मी कापून लावली होती. माझ्या स्वयंपाकघरातली. त्या गुरुवारी वारा होता, मी रुमाल सांभाळत होते. ओतल्यावर झाकण नुसतंच लावलं. पिशवी कुठे गेली ते बघितलं नाही."

 लझहर उगाच पाना पुसायला लागला.

"होतं असं," खमैस म्हणाला.

"होतं. पण लोकांसमोर बोलले ना मी." ती तुकडा मुठीत धरून बसली. "रॉकेल म्हणाले."

"जाऊ द्या आता."

"जाऊ कसं देऊ?"

पंप बसवून, नंबर पुसून आम्ही निघालो तेव्हा दुपार टळली होती. वळणावर खमैसचं टेबल त्याचा शेजारी सांभाळत होता. सीमा उघडल्याला एक-दोन दिवस झाले होते, त्यामुळे रस्त्यावर चांगलीच वर्दळ. मोंजियाने गाडी नेमकी टेबलापुढे उभी केली, उतरली, आणि तो तुकडा दोन बोटांत धरून उंच केला.

"ऐका सगळे!" तिचा आवाज आधी जरा फाटला, मग सरळ झाला. "मी इथे उभी राहून माझ्या दिराला रॉकेल विकणारा म्हटलं होतं. त्याच्या पेट्रोलमध्ये काही नव्हतं. हे माझ्या टाकीत निघालं, आणि हे माझ्याच हातून पडलं. चूक माझी. ज्यांनी माझं ऐकून इथे थांबणं सोडलं त्यांनी पुन्हा माझं ऐका आणि इथे थांबा."

खमैस लाजून अर्धमेला झाला होता. "वहिनी, पुरे! गिऱ्हाइकं घाबरून पळतील."

रांगेतला कोणीतरी हसला, मग सगळेच. मोंजिया हसली नाही. ती टेबलाशी गेली आणि म्हणाली, "भाऊजी, टाकी भरा." त्याने नरसाळ्याला कापड लावलं. ओतताना थोडं पेट्रोल जमिनीवर सांडलं. "सांभाळून," ती हळूच म्हणाली. त्यावर मात्र दोघंही हसले. मी मागच्या सीटवरून बघत होते, आणि आईला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

शनिवारी बूजमाच्या थोरल्या मुलाने स्वतः म्हाताऱ्याला मोंजियाच्या गाडीत आणून बसवलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मोंजिया एकटीच तो चढ चढून-उतरून आली होती. आम्ही अंगणातून दिवे बघत होतो. परतीच्या वाटेवर तो पट्टा आला तेव्हा बूजमाने आपली रोमन भिंत अर्ध्यावर सोडली. गाडी वर चढली. शेवटच्या वळणानंतर आई म्हणाली, "बूजमा, बोल आता. श्वास रोखून तुझा रंग गेलाय."

पुढची दोन वर्षं ती तशीच ये-जा करत राहिली. माझी आई त्यातल्या दुसऱ्या वसंतात गेली, झोपेत, घरीच. मोंजिया तेव्हा दुखवट्याचे तिन्ही दिवस आमच्याकडे येऊन बायकांबरोबर कुस्कुसची पातेली घासत होती. आता आमच्या गावातच डायलिसिसची सोय झाली आहे आणि डोंगर उतरायची गरज राहिली नाही. बूजमा तिथे जातो, चालत. मोंजिया थंडीत तोडणीच्या बायकांना बागांवर पोचवते आणि एरवी ज्याला गरज असेल त्याला.

परवा आठवड्याच्या बाजारात ती दिसली. टायरवाल्याशी हुज्जत चालली होती. तो शपथेवर सांगत होता की टायर नवा आहे, आणि ती उकिडवी बसून टायरच्या खाचांत नखं घालून बघत होती. "नवा असेल," ती म्हणाली, "पण खाचा हाताने कोरल्यात. दुसरा दाखव." मी हाक मारली तशी वर बघून म्हणाली, "हनिया, जरा थांब. तुला घरी सोडते. पायी कुठे जातेस या उन्हात?"